तीन पाळ्यांचं गाणं

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा सर्वांनाही, कळवण्यात येते की भिलाईतले पहिले तीन-आवाजी मराठी समूहगान एका मंगळवारी दुपारी तीन वाजता जन्मास आले, आणि काही आठवड्यांतच, भर मांडवात, टाळ्यांच्या कडकडाटात मरण पावले. मयताच्या पश्चात एक हार्मोनियम आणि मी, असा परिवार आहे. दुखवटा पाळण्याची कोणाला गरज नाही. तो मी एकट्याने वीस वर्षं पाळला आहे आणि आता मला त्यात चांगलीच गती आली आहे.

मारेकरी कोण, हेही सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला शेवटपर्यंत ताटकळायला नको. माझा सख्खा मामा. त्याचा साथीदार, अर्थातच, मी.

कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. मला भंडाऱ्याकडच्या गावातून भिलाईत आणलं मामानेच. तो आधी आला होता, रोलिंग मिलच्या बांधकामावर लागला होता. स्टेशनवर उतरून मी त्याच्या पाया पडायला वाकलो, तर त्याने मला धरून सरळ केलं आणि स्वतःच माझ्या पाया पडला. आमच्याकडे रीतच ती. मामा भाच्याच्या पाया पडतो, त्याला अहोजाहो करतो आणि त्याच्या अब्रूची राखण म्हणजे आपलं धर्मकार्य मानतो. छत्तीसगडातही तसंच असल्यामुळे फलाटावर कोणी आमच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ही रीत लक्षात ठेवा. तिने माझा घात केला.

मला काम मिळालं कोक ओव्हनमध्ये, भट्ट्यांच्या माथ्यावर. झाकण उघडायचं, कोळसा आत पडला की बंद करायचं, पुढच्या झाकणावर जायचं. पायांत लाकडी तळाचे बूट, कारण साध्या तळाचे वितळायचे. तोंडाला फडकं. दिवसातून दहादा थुंकलं तर दहाही वेळा काळंच. मी पेटी वाजवत असे, गात असे, आणि गावात माझ्या गळ्याचं कौतुक होतं. वर्षभरात वरचे सूर गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या घशात बॅटरी मारली आणि म्हणाले, ‘‘गाते हो? इसी काम पे रहे तो दो-तीन साल और गा लो.’’

काम बदलून मिळण्याचा एकच दरवाजा होता. टाउनशिपच्या कल्याण खात्यातल्या एका साहेबाच्या मनात कामगारांचं गानपथक काढायचं होतं, आणि त्यासाठी कामगारांतूनच एक संगीत-शिक्षक नेमायचा होता. पाळी नाही, भट्टी नाही, सेक्टर ६ मधल्या एका खोलीत बसून सकाळ-संध्याकाळ गाणं शिकवायचं. मी साहेबाला भेटलो. साहेब म्हणाला, ‘‘भजन-वजन तो सब गाते हैं. कुछ नया करके दिखाओ. कारखाने के जलसे में गवाएँगे. अच्छा हुआ तो कुर्सी तुम्हारी.’’

म्हणजे एका बाजूला कुर्सी आणि गळा, दुसऱ्या बाजूला भट्टी. आता फक्त नवं काहीतरी हवं होतं.

ते मला कारखाना उभारायला आलेल्या रशियन लोकांकडे सापडलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांच्या वस्तीवरून जाताना माझ्या सायकलची साखळी उतरली. ती चढवत बसलो होतो, तेवढ्यात आतल्या हिरवळीवर दहा-पंधरा रशियन बाया-माणसं गायला लागली. सुरुवातीला मला वाटलं, बेसूर आहेत बिचारे, प्रत्येक जण वेगळंच गातोय. मग अंगावर काटा आला. वेगळंच गात होते, पण ठरवून! बाया वर, काही पुरुष मधे, बाकीचे खाली. तीन वाटांनी चालत होते आणि तरी एकत्र पोचत होते. आणि सगळ्यांत आश्चर्याचं म्हणजे, कोणी कोणाला सावरत नव्हतं.

याचं मला आश्चर्य का वाटावं, ते समजायला आमचं भजन ठाऊक पाहिजे. आमच्या भजनी मंडळात वाद्य कसंही चालेल, शब्द विसरले तरी चालतील, पण आवाज फुटता कामा नये. एखादा गडी सुरातून सुटला, तर शेजारचा त्याच्या खांद्यावर हात टाकतो, तोंड त्याच्या कानाला लावतो आणि तो परत येईपर्यंत त्याच्या कानात गातो. याला ‘सांभाळून घेणं’ म्हणतात. ज्या गावाचं भजन फुटलं, त्या गावाला पुढचा सप्ताह कोणी बोलावत नसे. सांभाळून घेण्यात पंचक्रोशीत मामाचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचा आवाज म्हणजे क्रेन. एकदा उचलला की समोरच्याची इच्छा विचारायचा प्रश्नच नव्हता.

मी घरी येऊन पेटीवर तीन पट्ट्या एकदम दाबल्या. सा, ग, प. बायको म्हणाली, ‘‘कावून कुटून राहिले तिले? फुटन ना पेटी.’’ मी तीन दिवस तीच कुटाई करत होतो. चौथ्या दिवशी गाणं तयार झालं. शब्द माझेच, भट्टी पेटते आणि लोखंड वाहायला लागतं, एवढंच त्यात होतं. पण त्याला तीन ओळी होत्या. वरची ओळ म्हणजे खरी चाल. मधली तिच्या हातात हात घालून चालणारी. खालची जवळजवळ जागेवर उभी, अडीच सुरांची, पाया भरावा तशी.

आता माणसं. आमच्याकडचे गाणारे पंधरा-सोळा जण होते, पण तिन्ही पाळ्यांत वाटलेले. पाळी दर आठवड्याला फिरायची, टोळी मात्र तीच राहायची. एक टोळी सकाळी कामावर, तर दुसरी दुपारी, तिसरी रात्री. तिन्ही टोळ्या एका जागी यायच्या त्या फक्त कोणाच्या तरी मयतीला. म्हणून मी एकेका टोळीला एकेक ओळ दिली. जी टोळी सकाळच्या पाळीवरून दोनला सुटेल, ती तीनला माझ्या क्वार्टरमध्ये यायची आणि आपली ओळ घोटायची. माझी स्वतःची दुपारची पाळी आली, की मी ती दुसऱ्याशी बदलून घ्यायचो. मामाच्या टोळीला खालची ओळ. आवाज भारदस्त होते, आणि अडीच सुरांत मामा तरी किती नुकसान करील, असा माझा हिशेब होता.

इथे माझा गुन्हा येतो.

पहिल्याच दिवशी मामाने विचारलं, ‘‘भाचेबुवा, हे आमाले देल्लं ते काय होय? मुख्य चाल होय का मांगची झील होय?’’

मांगची झील म्हणजे बुवाच्या मागे ओढायचा सूर. मामा बत्तीस गावांत बुवा म्हणून मिरवलेला माणूस. ‘झील’ म्हटलं असतं, तर तो उठून गेला असता आणि त्याच्याबरोबर अख्खी टोळी. मी म्हणालो, ‘‘मामा, हीच मुख्य चाल. बाकीचे दोघं तुमच्या आधारानं गातील.’’

‘‘मंग ठीक हाय,’’ मामा म्हणाला, ‘‘पन मुख्य चाल अशी बसून कावून राहिली? उठत नाई ते.’’

‘‘भट्टी आहे मामा. भट्टी कुठे उठते?’’

मामाला हे पटलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या टोळीनेही हाच प्रश्न विचारला. त्यांनाही मी सांगितलं, हीच मुख्य चाल. तिसऱ्या टोळीने विचारायच्या आतच सांगून टाकलं. मला फार मजा वाटली होती, कबूल करतो. तिन्ही टोळ्या छाती काढून फिरत होत्या, आणि प्रत्येक टोळी बाकीच्या दोघींची कीव करत होती. मनात आणलं असतं, तर दोन टोळ्यांना निदान एकदा समोरासमोर बसवता आलं असतं. पण मग माझं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून नाही बसवलं.

मला मात्र तिन्ही ओळी एकत्र ऐकायच्या होत्या. कागदावर मांडलेलं खरंच वाजतं का, ही खात्री हवी होती. ती मिळाली एका रशियन इंजिनिअरमुळे. तो आमच्या बॅटरीवर, म्हणजे भट्ट्यांच्या रांगेवर, तापमान बघायला यायचा आणि झाकणं लावता लावता मी गुणगुणायचो ते ऐकायचा. मोडक्या हिंदीत त्याने एक दिवस विचारलं, ‘‘तुम गाना? एक आदमी, दो गाना?’’ कारण मी एकदा वरची ओळ गुणगुणायचो, एकदा खालची. मी लाकडी बुटांनी ताल धरून त्याला सगळं समजावलं. तो उभ्या उभ्या हसला आणि त्याने मधली ओळ स्वतःच लावून दाखवली. चुकीची होती, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुरामुळे, असं मी त्याला खुणेने सांगितलं.

साहेबाकडे टेपरेकॉर्डर होता. परदेशाहून आणलेला, दोन चक्रांचा, धान्याच्या डब्याएवढा, आणि त्याच्यावर साहेबाच्या मॅडमनी विणलेला रुमाल. रशियनाच्या शब्दावर साहेबाने तो आम्हाला तीन दुपारी वापरू दिला, पण घराबाहेर न्यायचा नाही या अटीवर. साहेबाला स्वतःला त्यातलं एकच कळत होतं, लाल बटण दाबलं की आवाज भरला जातो.

रशियनाने यंत्राचं झाकण काढलं आणि मला आतला एक बारीक तुकडा दाखवला. फीत त्याच्यावरून गेली, की जुना आवाज पुसला जायचा आणि पुढे नवा भरला जायचा. त्याने सिगारेटच्या पाकिटातला चकचकीत कागद घडी करून त्या तुकड्यावर बसवला. आता जुना आवाज पुसला जाणार नव्हता. त्याच फितीवर नवा चढणार होता, कापडावर दुसरा रंग चढावा तसा. जुना फक्त थोडा फिका पडणार होता. हे ऐकताच मी ठरवलं, पहिल्यांदा मामाची टोळी! त्या आवाजाला फिकं करू शकणारं जगातलं ते एकच यंत्र होतं.

पण संध्याकाळी कारखान्याच्या बाजूला भार वाढला, की सेक्टरमधले दिवे मंद व्हायचे. चक्रं तेवढी हळू फिरायची आणि भरलेला आवाज दुसऱ्या दिवशी वरच्या पट्टीत ओरडायचा. म्हणून तिन्ही वेळा एकच वार, एकच तास. मंगळवार, तीन वाजता. तीन आठवडे, सकाळच्या पाळीवरून सुटलेली एकेक टोळी. रशियनाने फितीवर खडूने खूण केली होती. घड्याळाच्या टकटकीवर तो बोट आपटायचा, आणि त्या बोटावर मी हात चालवायचो. टोळीला मागचं काहीच ऐकू यायचं नाही. साहेबाच्या गालिच्यावर मोजे घालून गायचं, चहा प्यायचा आणि निघून जायचं.

तिसऱ्या मंगळवारी टोळी गेल्यावर आम्ही दोघांनी ती फीत लावली.

काय सांगू! तीन पाळ्या. सकाळ, दुपार आणि रात्र, जी आयुष्यात एका वेळी जागी नसतात, ती एका खोलीत उभी होती. वरची ओळ उडत होती. मधली तिला धरून होती. आणि खाली, फिका पडलेला, पहिल्यांदाच कोणाच्या तरी आड गेलेला माझा मामा, सगळ्या गाण्याखाली जमिनीसारखा पसरलेला. इतका सुंदर तो आयुष्यात कधी गायला नव्हता आणि पुढेही गायला नाही. रशियनाने दोनदा ऐकलं. मी तीनदा. मग त्या शिस्तीच्या माणसाने कागदाची घडी काढून खिशात घातली, झाकण लावलं आणि रुमाल सरळ केला. साहेबाला ऐकवायला गेलो, तर म्हणाला, ‘‘अभी नहीं. जलसे में सीधा सुनेंगे.’’ फीत यंत्रावरच राहिली.

जलशाचा दिवस उजाडला. मैदानात मांडव, पुढच्या रांगेत साहेबलोक, रशियन पाहुणे, मागे आमच्या बायका-पोरांपासून शेजारच्या कुरुदच्या गावकऱ्यांपर्यंत सगळे. दुपारच्या पाळीवर जी टोळी होती, तिला साहेबाच्या चिठ्ठीवर सोडलं होतं. ते लोक ट्रकमधून थेट मांडवाशी उतरले, कपाळावर अजून टोपीचा वळ. असे तिन्ही टोळ्यांचे लोक पहिल्यांदा एका पायरीवर उभे राहिले आणि एकमेकांना राम राम करू लागले. मामाने वाकून माझ्या पायांना हात लावला. ‘‘काळजी करू नका,’’ तो म्हणाला, ‘‘मी हाव ना.’’

मी पेटीवर सूर दिला, हात उचलला. गाणं सुरू झालं, आणि शब्दांची पहिली ओळ, फक्त पहिली ओळ, तिन्ही आवाजांत, अगदी फितीवर होती तशी मांडवावर पसरली. पुढच्या रांगेत माझा रशियन सरसावून बसला.

दुसऱ्या ओळीला मामाच्या कपाळावर आठी पडली. त्याने डावीकडे पाहिलं. मधली टोळी काहीतरी भलतंच गात होती. उजवीकडे पाहिलं, वरची टोळी तर पारच सुटली होती! आणि त्याच क्षणी त्या दोन्ही टोळ्या अशाच चेहऱ्याने मामाकडे बघत होत्या. मला सगळ्यांच्या मनातलं वाचता येत होतं. भजन फुटलं. साहेबांपुढे, रशियनांपुढे, भाच्याचं भजन फुटलं.

मग सगळ्यांनी सगळ्यांना सांभाळून घ्यायला सुरुवात केली.

वरच्या टोळीतल्या एकाने मधल्याच्या कानाला तोंड लावलं. मधल्याने त्याला ढकलून स्वतःची चाल त्याच्या कानात ओतली. मी दोन्ही हातांनी ‘नाही, नाही, आपापलं गा’ असं करत होतो. लोकांना वाटलं, हा भावनेच्या भरात आला आहे. मामा मात्र शांतपणे आपली जागा सोडून निघाला. एकेकाच्या खांद्यावर हात टाकत, एकेकाच्या कानात आपले ते अडीच सूर सोडत, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. आवाज उचलला आणि माणसं एकेक करून खाली उतरवली. तिसऱ्या कडव्यापर्यंत एकच चाल उरली होती. झील. जिला मी मुख्य म्हणालो होतो, ती. पंधरा-सोळा माणसं, छाती फुगवून, डोळे मिटून, पाया तेवढा गात होती. वर इमारत नव्हती.

मान वळवली ती नजर चुकवायला, तर मंचाच्या कडेला टेपरेकॉर्डर दिसला. साहेबाने कौतुकाने तो तिथे आणवला होता. चक्रं फिरत होती. लाल बटण खाली होतं. चक्रावर तीच फीत होती, खडूच्या खुणेची, आणि सिगारेटच्या पाकिटातला कागद रशियनाच्या खिशात होता. माझं गाणं मंचावर मरत होतं, तेव्हा तिथे, दहा फुटांवर, ते पुसलंही जात होतं. रशियनाला ते माझ्याही आधी कळलं असावं. तो अर्धवट उठला होता. मग खाली बसला.

टाळ्या अशा पडल्या की मांडवावरचे पक्षी उडाले. साहेब मंचावर आला आणि मला ओलांडून मामाच्या गळ्यात हार घातला. ‘‘देखा? सब बिखर रहे थे, और इस आदमी ने सबको सँभाल लिया! हमें ऐसा ही आदमी चाहिए.’’

कुर्सी मामाला मिळाली. मामाने आधी हात जोडून नको म्हटलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘‘भाचेबुवाच्या आशीर्वादानं घेतो.’’ मी आशीर्वाद दिला. काय करणार, पाया पडत होता. सेक्टर ६ मधल्या त्या खोलीत त्याने निवृत्त होईपर्यंत भजनं शिकवली, आणि तिथून कधी एक आवाज फुटला नाही. मी पुढे बारा वर्षं झाकणं लावली. डॉक्टरांचा अंदाज तेवढा चुकला. दोन-तीन नाही, दीड वर्षच पुरलं. आता मी बोलतो ते नळाला पाणी येण्याआधी जसा आवाज येतो, तसं बोलतो. रशियन त्याच हिवाळ्यात मायदेशी गेला. जाताना त्याने तो चकचकीत कागद माझ्या हातात ठेवला. त्याचं मी काय करायचं होतं, ते त्यालाही माहीत नसावं.

मामावर मी कधी रागावलो नाही, असं मी लोकांना सांगतो. खोटं आहे. दर सणाला तो घरी यायचा, वाकायचा, आणि मी पाय मागे घ्यायचो. त्याला वाटायचं, भाचा विनयशील आहे.

साहेबाने बदली होऊन जाताना ती फीत मामाला भेट दिली होती. मामाने ती देव्हाऱ्यात ठेवली, हळद-कुंकू लावून. तो गेल्यावर मामीने ती मला दिली. मागच्या महिन्यात सेक्टरच्या बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे जुनं यंत्र मिळालं आणि मी ती लावली. वाटलं होतं, खाली कुठेतरी एखादा धागा राहिला असेल. कान लावून बसलो. काही नव्हतं. रशियन माणूस काम पक्कं करायचा. पहिली ओळ होती, मग ती ओढाताण, मग अडीच सूर, मग टाळ्या. टाळ्या ओसरताना, मी यंत्रापाशी जाऊन उभा होतो तिथे, चपलांचा आवाज जवळ येतो, माझ्या पायांशी कोणीतरी वाकल्यासारखी कापडाची सळसळ होते, आणि मग यंत्राच्या अगदी तोंडाशी, धापा टाकत, आनंदाने फुटून, माझा मामा बोलतो:

‘‘भेऊ नका, भाचेबुवा! सारेच्या सारे भटकून राहिले होते, पन आनलं ना म्या सगळ्याइले एका सुरात!’’